बाबांना मी अर्धंच सांगितलं

*'काकी, मी डिचोली तालुक्यातली, वय २४, एका पतसंस्थेत कामाला आहे. आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मी आणि धाकटा भाऊ ऐकणारे. बोलायला लागायच्या आधी मला खुणा येत होत्या, असं आजी सांगायची. तेव्हापासून घरातली दुभाषी मीच. बँकेत मी, रेशनच्या दुकानात मी, शाळेच्या पालकसभेतही मीच. माझ्याबद्दल बाई काय म्हणतात तेही मीच बाबांना सांगायचे.*

*तीन महिन्यांपूर्वी बाबांना आतड्याच्या अगदी शेवटाला कॅन्सर निघाला. डॉक्टर मला म्हणाले, गाठ फार खाली आहे, शौचाची जागा काढून टाकावी लागेल, पोटाला कायमची पिशवी येईल, वडिलांना नीट समजावून सांग. माझे हातच उचलेनात. मी सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन करून काढतील, तुम्ही बरे व्हाल. बाबांनी सही केली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पिशवीला हात लावला, मग माझ्याकडे बोट केलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. मी समोर गेले की ते डोळे मिटून घेतात. मी त्यांच्याशी खोटं बोलले का?*

*दुसरं असं की माझी मावशीही कर्णबधिर आहे. दिराने मारहाण केली त्याची केस कोर्टात उभी राहतेय. सरकारी वकील म्हणतात, भाचीलाच आणा, तिच्याइतकं कोणाला कळणार? आणि तिसरं, मला हेच काम पोटापाण्यासाठी करावंसं वाटतं. पण घरचे म्हणतात, मुक्या माणसांना मदत करायचे कोणी पैसे घेतं का? काय करू?'*

बाय माझे,

तीन प्रश्न विचारलेस, पण पत्राचा निम्मा भाग बाबांचाच आहे. म्हणून आधी तिथेच येते.

हो, खोटं बोललीस. चोवीस वर्षांच्या मुलीला गोड गोळी देऊन उपयोग नाही, आणि गोड गोळीने काय होतं ते तू बघतेच आहेस. पण सगळा दोष आपल्या पदरात घेऊ नकोस. आजार बाबांचा, पोट बाबांचं, सही बाबांची. आणि बोलणं चाललं होतं डॉक्टर आणि तुझ्यात, बाबांच्या डोक्यावरून. 'वडिलांना समजावून सांग' म्हणताना डॉक्टरांनी आपलं काम तुझ्या ओच्यात टाकलं. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की उपचार काय आहे, धोके कोणते, दुसरा काही मार्ग आहे का, हे रुग्णाला पुरेसं कळल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. ही माहिती देणं डॉक्टरचं काम आहे. ती रुग्णापर्यंत पोचली का, हे बघणंही त्याचंच. तुझ्या बाबांना 'तुम्हाला काय कळलं ते मला सांगा' असं कोणी विचारलं असतं, तर तुझी पळवाट दोन मिनिटांत उघडी पडली असती आणि आज तू हे पत्र लिहीत नसतीस.

मी याला मायेची कात्री म्हणते. घरचं माणूस दुभाषी झालं की ती हातात येतेच. वाईट बातमी कापायची, लाजेचा प्रश्न कापायचा, म्हातारा चिडून डॉक्टरला दोन शब्द बोलला तर ते कापायचे. स्त्रीरोगाच्या ओपीडीत सुनेचं गाऱ्हाणं सासू सांगत असते, तेव्हा काय काय कापलं जातं ते मी ऐकलंय. तू काही जगावेगळं केलेलं नाहीस. लहानपणीच तुला ज्या खुर्चीत बसवलं, त्या खुर्चीत मुलीने बसायचंच नसतं.

आता बाबांचं. तू समोर गेलीस की ते डोळे मिटतात. कर्णबधिर माणसाने डोळे मिटणं म्हणजे आपण दार आपटून कडी लावणं. कडी काढायला भाऊ-आई-काका कोणाला मध्ये घालू नकोस. जवळ बस, ते डोळे उघडतील तेव्हा पूर्ण सांग: डॉक्टर काय म्हणाले होते, तू काय सांगितलंस, काय गाळलंस आणि का. 'तुमच्या भल्यासाठी' ही खूण हातावर येऊ देऊ नकोस. ते ओरडतील, हात जोरात चालतील, चालू देत.

मग पुढच्या ओपीडीला बाहेरचा दुभाषी ने. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय असो, तारखेच्या आधी लेखी मागणी दे. मेडिकल सोशल वर्करला भेट; दाद लागली नाही तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज कर. दिव्यांगजन हक्क कायद्यात, २०१६ च्या, संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा स्पष्ट लिहिलेली आहे, तेव्हा आपण उपकार मागतोय अशा आवाजात बोलायचं कारण नाही. माणूस प्रत्यक्ष येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या, पण फोन कोणाच्या हातात थरथरत नको, टेबलावर टेकून ठेवा आणि वॉर्डात रेंज आहे का ते आदल्या दिवशी बघून या.

त्या दिवशी दुभाषी डॉक्टरांच्या बाजूला, किंचित मागे बसेल, म्हणजे बाबांना डॉक्टरांचा चेहरा आणि दुभाष्याचे हात एका नजरेत दिसतील. खिडकी त्या दोघांच्या पाठीशी येऊ देऊ नका. उजेडासमोर चेहरा काळा पडतो आणि खुणांचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. तू बाबांच्या शेजारी बस. आणि एक गोष्ट नर्सला तू आवर्जून सांग, कारण ती कोणाच्याच ध्यानात येत नाही: बाबा ज्या हाताने बोलतात त्या हाताला सलाईन लावू नका. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर पट्टी मारण्यासारखं आहे ते. (कोठडीतल्या कर्णबधिर आरोपीला बेड्या घालतात तेव्हाही हेच होतं.)

'लिहून दाखवलं की झालं' असं कोणी म्हणेल. नाही होत. तुझ्या बाबांची पहिली भाषा खुणांची, मराठी त्यांना शाळेत परक्या भाषेसारखी शिकवली गेली असणार, आणि संमतीपत्रकातलं इंग्रजी तर ऐकणाऱ्यांनाही कळत नाही.

ऐकणाऱ्यांचं म्हणशील तर, आपल्या गोव्यात दोन भाषा इतक्या शेजारी नांदतात की प्रत्येकाला वाटतं, मला दोन्ही येतात. मागे एका सरकारी दवाखान्यात नणंदेला घेऊन बसले होते. पुढच्या स्टुलावर काणकोणची एक म्हातारी, समोर उत्तरेकडचा तरुण डॉक्टर. ती म्हणाली, 'हड्ड्यांत दुखता, पुता.' बाजूच्या पोऱ्याने झटक्यात हिंदी केलं, 'हड्डी में दर्द है.' डॉक्टरने गुडघे दाबून बघितले आणि एक्स-रे लिहायला घेतला. कोकणीत हड्डें म्हणजे छाती! मला राहवलं नाही, उठून सांगितलं, तेव्हा तिला ईसीजीला पाठवलं. तसंच 'जोर आयला' म्हणजे ताप आला, अंगात बळ आलं असं नव्हे. आणि 'तकली' म्हणजे डोकं, त्यावर केस असोत वा नसोत. त्या पोऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला जवळचा शब्द मिळाला आणि त्याने तो लावून दिला.

माझं स्वतःचंही ऐक. कोर्टात दुभाषी म्हणून नवीन होते. साक्षीदार सत्तरी तालुक्यातला, म्हणाला, 'ताणें ताका मारलो.' मी इंग्रजीत ठणकावून सांगितलं की याने त्याला ठार मारलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, समोरच्या बाकाकडे बघितलं आणि म्हणाले, 'मग ते गृहस्थ कोण बसलेत?' फिर्यादी जिवंत, हाताला प्लास्टर घालून बसलेला. कोर्ट हसलं. त्या दिवशी फिर्यादी कोर्टात नसता तर कोणी हसलं नसतं आणि माझं वाक्य तसंच टाइप झालं असतं.

त्यावरून तुझ्या मावशीकडे येते. इथे माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. वकीलसाहेब सोय बघतायत, पण त्यांची सोय त्यांच्याच खटल्याच्या मुळावर येईल.

२०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंह. खुनाचा खटला, डोळ्यांदेखत बघितलेली साक्षीदार म्हणजे मृताची कर्णबधिर पत्नी. तिच्या खुणांचा अर्थ सांगायला तिचे वडील उभे राहिले, तेही शपथ न घेता. न्यायालयाने म्हटलं की दुभाषी साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्याला शपथ दिलेली असावी. नुसता अर्थ लिहून भागत नाही, खुणांचीही नोंद हवी. ती साक्ष टिकली नाही, आरोपी सुटला. आता त्या वडिलांच्या जागी स्वतःला उभी कर. बचावाचा वकील उठेल आणि पहिला प्रश्न टाकेल, 'आपण साक्षीदाराच्या कोण?' दुसरा, 'मार लागलेला तुम्हाला आधी कोणी सांगितला, मावशीने की आईने?' तिसऱ्याची त्याला गरज पडणार नाही.

कायदा मावशीच्या बाजूने आहे, तो वापरायला लाव. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १२५: तोंडाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच मानली जाते, मात्र न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतली पाहिजे आणि त्या जबाबाचं व्हिडिओ चित्रीकरण झालं पाहिजे. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ११९ होतं, चित्रीकरणाची अट २०१३ साली आली. दुभाषी खरा अर्थ सांगायला कायद्याने बांधलेला आहे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३१७ मध्ये आहे. सरकारी वकिलांना सांग, नात्यातला नसलेला, शिकलेला दुभाषी नेमावा असा अर्ज तारखेच्या पुरेसा आधी करा. ते टाळाटाळ करायला लागले तर मावशीला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना आणि दिव्यांगांना वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मावशी दोन्हीकडून बसते.

आणि कोर्टातली खुण फार अवघड असते, बाय. समज, वकील विचारतो, 'दिराने तुम्हाला मारलं का?' मराठीत 'मारलं' म्हणून मोकळं होता येतं. खुणांत हात हवेत उचललास की लगेच ठरवावं लागतं: थापड, बुक्की की काठी? एकदा की अनेकदा? कुठे? तू बुक्की दाखवलीस तर मावशीच्या तोंडात बुक्की तू घातलीस. उत्तर प्रश्नातच पुरवलं गेलं. बचावपक्षाला आणखी काय हवं? शिकलेला दुभाषी तिथे थांबतो आणि न्यायाधीशांना म्हणतो, 'दुभाषी नम्रपणे विचारू इच्छितो, प्रश्न थोडा मोकळा करता येईल का?' स्वतःबद्दल बोलताना तो 'दुभाषी' म्हणतो, कारण 'मी' हा शब्द त्याने साक्षीदाराला दिलेला असतो. साक्षीदार म्हणाली 'मी पडले' तर दुभाषीही 'मी पडले'च म्हणणार, 'ती म्हणते की ती पडली' नाही. सुरुवातीला जीभ अडखळते. मिशावाल्या आरोपीसाठी 'माझ्या बायकोने' म्हणताना मला पहिल्यांदा घाम फुटला होता.

तू मावशीबरोबर जा, बाहेरच्या बाकावर बस, तिचा डबा घेऊन जा. आणि नेमलेल्या दुभाष्याने साक्षीच्या आधी मावशीशी दहा-पंधरा मिनिटं बोलून घ्यावं अशी विनंती कर, केसबद्दल नव्हे, गाव-घर-जेवणाबद्दल. मावशी कधी शाळेत गेली नसेल, तिच्या खुणा घरातच घडलेल्या असतील, तर दिल्ली-मुंबईत शिकून आलेल्यालाही त्या लागायला वेळ लागतो. फारच अडलं तर एखादा अनुभवी कर्णबधिर माणूस मध्ये घेतात. मावशीच्या घरगुती खुणा तो प्रमाण सांकेतिक भाषेत आणतो आणि तिथून दुभाषी त्यांचा अर्थ बोलून सांगतो. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

आता तुझ्या पोटापाण्याचं. घरच्यांना सांग की आई-बाबांचे पैसे तू घेत नाहीस, घेणारही नाहीस. पण अनोळखी माणसाच्या कोर्टाच्या तारखेसाठी तू सकाळी सातची कदंबा बस पकडशील, खटला पुकारला जाईपर्यंत दोनपर्यंत ताटकळशील, पतसंस्थेची रजा टाकशील आणि चुकलीस तर शपथेवर चुकशील, तर ते काम आहे आणि कामाला दाम आहे. सुईणीला सुद्धा आपण लुगडं-नारळ देतच होतो. दर आधी लेखी ठरव, प्रवास वेगळा, आणि तारीख पडली तर काय, तेही त्याच कागदावर. शिवाय त्यांना हेही सांग की 'मुकी' म्हणू नका. तुझ्या घरात ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त बोलणं चालत असेल, पैजेवर सांगते.

पण तुला खुणा येतात म्हणून तू दुभाषी झालीस, असं समजू नकोस. मला कोकणी आईच्या दुधाबरोबर आली, तरी 'मारलो'ने माझी फजिती केलीच. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी दोन वर्षांची पदविका आहे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून चालू आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. दिल्लीच्या केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश आहे, त्यात कायद्याच्या आणि वैद्यकाच्या खुणा आहेत. आजपासून रोज दहा बघायला लाग. जामीन, उलटतपासणी, भूल, बायोप्सी. घरात या खुणा कधी लागल्या नाहीत म्हणून तुझ्याकडे त्या नसणार.

आणि इथलं जे बाहेरच्याला येणार नाही ते तू आधीच घेऊन जातेस. पणजीत एका प्रकरणात पुण्याहून आलेल्या हुशार मुलाने 'मुंडकार'ला 'भाडेकरू' केलं होतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ चा स्वतंत्र कायदा राखतो, भाडेकरूचा कायदा वेगळा. एका शब्दासरशी त्या म्हातारीच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच कायद्यात गेली. कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), इन्व्हेंतार (वारसांतल्या वाटणीचं प्रकरण), अल्वारा (सरकारने जमीन दिल्याचा दाखला), हे शब्द इथल्या दुभाष्याला मुखोद्गत हवेत, आणि त्यांना खुण नसेल तर बोटांनी अक्षरं करून मग समजावता आलं पाहिजे.

दमायला होतं, हेही सांगून ठेवते. अर्धा तास सलग खुणा केल्या की डोकं चुका करायला लागतं आणि स्वतःला ते कळतही नाही. म्हणून मोठ्या कामाला दोघं असतात, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात. पणजीच्या पर्पल फेस्टला, दिव्यांगांच्या महोत्सवाला, गेलीस तर व्यासपीठाच्या कोपऱ्यात बघ. एकजण हात चालवत असतो, दुसरा समोर बसून त्याचं चुकतंय का ते टिपत असतो, मोबाईल बघत नसतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या, त्याचीही बातमी शोधून वाच. बाबांनाही दाखव.

गुप्ततेबद्दल लांबण लावत नाही. गोवा एवढासा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुझा पेशंट तुला भेटणारच. त्याने आधी ओळख दाखवली तरच हसायचं, नाहीतर चवळीचा भाव विचारत पुढे जायचं. घरी आईने 'आज कोणाचं काम होतं?' विचारलं तरी नाव सांगायचं नाही. तुझ्या घरात हे जड जाईल, कारण तिथे आजवर सगळ्यांचं सगळं तुझ्याच हातून गेलंय.

पदविकेच्या प्रवेशाचं नंतर बघू. आधी मावशीची तारीख कधी आहे ते कळव, अर्जाचा मसुदा मी तपासून देते. आणि बाबांच्या ओपीडीच्या आधी त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारून कागदावर उतरव, त्यांच्या क्रमाने. पिशवी घालून मासळीबाजारात जाता येईल का, हा प्रश्न त्यांनी पहिला विचारला तर तो पहिलाच राहू दे.

— काकी

(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)